रंगवलेल्या पेट्रोल टाकीला पुन्हा पुन्हा फोड येतात तेव्हा

जुन्या मोटरसायकलची टाकी रंगवून आणली. चार महिने आरशासारखी चमकली. मग एक दिवस खालच्या कडेला तांदळाएवढा फोड दिसला, महिन्याभरात तो वाटाण्याएवढा झाला आणि शेजारी आणखी दोन उगवले. पेंटरकडे नेली की तो तेवढी जागा घासतो, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरतो, रंग मारून देतो. पुढचा पावसाळा सरला की त्याच जागी तोच फोड.

आरएक्स १००, येझदी, राजदूत, जुनी बुलेट, सीडी १०० या गाड्यांच्या मालकांची ही नेहमीची तक्रार आहे. भारतात आरएक्स १०० आणि येझदी या दोन्हींचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, म्हणजे सगळ्यात नवी टाकीसुद्धा आता तीस वर्षांच्या घरात आहे. तिचा पत्रा मुळात पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा. त्यातला किती उरलाय, हे रंगाखालून कळत नाही. फोड बाहेर दिसतो, पण बहुतेक वेळा त्याचं मूळ टाकीच्या आत असतं. म्हणून रंग बदलून, पेंटर बदलून उपयोग होत नाही.

आधी फोड फोडून बघा

टाकी सोडवण्याआधी एक फोड सुईने टोचा आणि आत काय आहे ते पाहा. पुढचं निम्मं काम इथे ठरतं.

पेट्रोलचा वास आला, किंवा टोचलेली जागा पुसल्यावर पुन्हा ओलसर झाली, तर पत्र्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र आहे. पेट्रोल त्यातून पाझरून रंगाखाली पसरतंय. अशा टाकीचं काम आतून सुरू करावं लागतं.

कोरडी तपकिरी भुकटी निघाली तर गंज बाहेरचा आहे. मागच्या वेळी गंज पूर्ण न काढता वर लांबी ओढली गेली असणार. पोचा भरलेल्या जागेच्या आकारातच फोड असतील तर शंका उरत नाही.

नुसतं पाणी निघालं आणि फोड बारीक, घामोळ्यासारखे बरेच असतील, तर रंगाखाली क्षार अडकले आहेत. बोअरच्या खाऱ्या पाण्याने घासकाम करून टाकी तशीच वाळवली की पाण्यातले क्षार पत्र्यावर राहतात. पुढे पावसाळी हवेतला ओलावा ते रंगाच्या थरातून आत ओढून घेतात. घामट हातांच्या ठशांनीही हेच होतं. कधी कधी तर बोटांच्या खुणांच्या आकारात फोड येतात.

झाकणाच्या तोंडाभोवती रंग मऊ पडून सुरकुतला असेल तर टाकी बहुधा ठणठणीत आहे. तिथे सांडलेलं पेट्रोल रंग खातंय. हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा घटक) न घालता मारलेला साधा रंग पेट्रोलपुढे टिकत नाही. झाकणाचं रबर बदलणं आणि वरचा थर दोन घटकांच्या पीयू क्लिअरचा (पॉलीयुरेथेनच्या पारदर्शक रंगाचा) देणं, एवढंच तिथलं काम.

अलीकडच्या ज्या गाड्यांत झाकण टाकीच्या पृष्ठभागाशी सपाट बसतं, त्यांत आणखी एक जागा तपासा. झाकणाच्या खळग्यातलं पावसाचं पाणी खाली नेणारी बारीक नळी टाकीच्या पोटातून जाते. ती आतून कुजली की पाणी थेट पेट्रोलमध्ये उतरतं, किंवा पेट्रोल त्या नळीतून खाली ठिबकतं. हा दोष बाहेरून कितीही रंगवला तरी जात नाही.

कुजायची जागा बहुधा ठरलेली

टाकी फ्रेमच्या नळीवर खोगिरासारखी बसते. त्यामुळे तिच्या तळाला डावा आणि उजवा असे दोन खळगे असतात, आणि कॉक (पेट्रोल चालू-बंद करायची तोटी) बहुतेक गाड्यांत एकाच बाजूला. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. कॉकच्या बाजूचं पाणी निदान कार्बोरेटरपर्यंत जाऊन गाडी बंद पाडतं, म्हणून लक्षात येतं आणि काढलं जातं. दुसऱ्या खळग्यातलं पाणी वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. पहिलं छिद्र सहसा तिथेच पडतं, खालच्या जोडाच्या आतल्या घडीत.

फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं आणि आता पंपांवर तेच मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जातात. रोज चालणाऱ्या गाडीत हे घडायला वाव नसतो. महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभ्या असलेल्या गाडीत असतो, त्यातही मालवण-रत्नागिरीच्या दमट हवेत जास्त.

दुसरी ठरलेली जागा म्हणजे पुढची रबरं आणि मागचा कान, म्हणजे टाकी बोल्टने धरणारी पट्टी. पुढची रबरं झिजली की टाकी फ्रेमवर घासते आणि पत्रा बाहेरून कातरला जातो. मागच्या बोल्टाखालचं रबर गायब असलं की धक्के थेट वेल्डवर येतात आणि कानाच्या मुळाशी केसासारखी चीर जाते. ही चीर गाडी उभी असताना गळत नाही, चालताना गळते.

कामाचा क्रम

टाकी धुणे, आतला गंज काढणे, बाहेरचा रंग काढणे, छिद्रं शोधणे, पत्र्याची दुरुस्ती, पुन्हा गळती तपासणे, गरज असली तरच आतून अस्तर, मग प्रायमर. हा क्रम मोडू नका. रंग झाल्यावर आत ॲसिड घातलंत तर एका ओघळाने रंग जाईल. अस्तर आधी आणि डाग (सोल्डरचा किंवा पितळेचा जोड) नंतर दिलात तर उष्णतेने अस्तर जळून त्याचे पापुद्रे पुढे कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतील. आणि गंज काढण्याआधी छिद्रं शोधण्यात अर्थ नाही, कारण कित्येक छिद्रं गंजाच्या खपलीनेच बुजलेली असतात. ॲसिडच्या कामानंतर टाकी आधीपेक्षा जास्त गळायला लागली तर घाबरू नका. ती भोकं आधीपासून होती.

धुणे, आणि आगीचा धोका

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की मिश्रण भडकतं. दहा लिटरच्या टाकीत तेवढी वाफ व्हायला एक मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल पुरतं. म्हणजे वीसेक थेंब. तेवढं तर जोडाच्या घडीत आणि गंजाच्या थरात लपून बसतं. "टाकी महिनाभर उघडी होती, वास येत नाही" या भरवशावर ज्योत जवळ न्यायची नाही.

कॉक, झाकण, रबरं, बिल्ले, पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट असेल तर तोही काढा. उरलेलं पेट्रोल डब्यात काढून घ्या, गटारात ओतू नका. मग कढत पाणी आणि भांडी घासायचं द्रावण घालून टाकी खळखळून हलवा आणि ओता. असं किमान तीन-चार वेळा. शेवटच्या वेळी टाकी पाण्याने काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाण्यावर तेलकट रंग तरंगत असतील तर आणखी एक फेरी.

आतला गंज

टॉर्च आत सोडून पाहा. नुसती नारिंगी झाक असेल आणि मधूनमधून करडा पत्रा दिसत असेल तर ॲसिडच्या नादी लागू नका. बऱ्याच टाक्यांना आतून मुळात संरक्षक मुलामा असतो आणि ॲसिड उरलासुरला मुलामाही खातं. अशा टाकीत अर्धा लिटर रॉकेल आणि मूठभर सहा मिलिमीटरचे नट टाका, तोंडं बंद करा, टाकी गोधडीत गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं सगळ्या बाजूंनी हलवा. नट मोजून टाका आणि मोजून काढा. खडी टाकणारे बरेच आहेत, पण आतल्या आडव्या पत्र्यामागे अडकलेला नट चुंबकाने ओढता येतो, खडा येत नाही.

खपल्या निघत असतील तर सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. दर लिटर पाण्याला ५० ते ७० ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या टाकीला ५०० ते ७०० ग्रॅम. पाणी हाताला सोसवणार नाही इतपत गरम, ५० ते ६० अंश. टाकी गळ्यापर्यंत भरा. अर्धवट भरली तर पाण्याच्या रेषेवर नवा गंजाचा पट्टा तयार होतो. कॉकचं भोक जुन्या ट्यूबचा तुकडा आणि जाड पट्टी लावून बोल्टांनी आवळा. बुलेटसारख्या आट्यांच्या कॉकला रबरी बूच चालतं. झाकण मात्र घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. १२ ते २४ तास ठेवा आणि दर चार-सहा तासांनी टाकी कलती करून बुडबुडे निघू द्या. द्रावण काळपट-हिरवं झालं आणि गंज अजून शिल्लक असला तर नवीन द्रावण करा. जुनंच आणखी दोन दिवस ठेवून फायदा नाही.

संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते तासाभरात टाकी पांढरी करतं, म्हणून मोह होतो. पण ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आणि त्याचे क्लोराइड क्षार जोडाच्या घडीत शिरले की कितीही धुतलं तरी निघत नाहीत. टाकीचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांवर चढवून जोडलेला असतो. त्या फटीत शिरलेलं ॲसिड रंग झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी जोडाच्या रेषेत तपकिरी पाणी होऊन बाहेर येतं. जोडाच्या रेषेतच ओळीने फोड येत असतील तर पहिला संशय मागच्या वेळच्या ॲसिडवर घ्या. आणि जुन्या जावा किंवा बुलेटच्या टाकीला बाजूला क्रोम असेल तर या ॲसिडचा थेंबही बाहेर पडू देऊ नका. क्रोम त्यात विरघळतं.

गंज फार जाड असेल तर विजेची पद्धत सर्वांत चांगली, कारण ती शाबूत पत्र्याला धक्का लावत नाही. दहा लिटर पाण्यात १०० ते १५० ग्रॅम धुण्याचा सोडा. तोंडातून साध्या लोखंडाची सळई आत सोडायची, रबरी बुचातून, टाकीला कुठेही न टेकता. १२ व्होल्टच्या चार्जरची धन बाजू सळईला आणि ऋण बाजू टाकीला. उलटं जोडलंत तर टाकीच विरघळायला लागेल. स्टेनलेसची सळई वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. दोन ते पाच अँपिअर वीज एक दिवस वाहू द्या, मधे सळई काढून तारेच्या ब्रशने साफ करा. जो भाग सळईच्या थेट समोर असतो तिथला गंज आधी सुटतो, म्हणून एकदा झाकणाच्या आणि एकदा कॉकच्या भोकातून सळई घाला. यात हायड्रोजन निघतो, काम उघड्यावर करा. चार्जर चालू असताना चिमटे काढू नका, ठिणगी पडते.

गंज निघाला की लगेच धुवा, मग दहा लिटर पाण्यात दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा घालून ते पाणी आत फिरवा, पुन्हा साध्या पाण्याने धुवा आणि ताबडतोब वाळवा. हेअर ड्रायर किंवा ब्लोअर तोंडात धरून अर्धा तास, टाकी बाहेरून हाताला चटका देईपर्यंत. शेवटचं पाणी काढल्यावर पाव लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून ओतलं तर उरलेलं पाणी त्याबरोबर निघतं. ते निथळलं की उघड्यावर थोडी हवा लागू द्या आणि वास पूर्ण गेल्यावरच ब्लोअर लावा. वाळवण्यात दहा मिनिटं उशीर झाला तरी आत पुन्हा नारिंगी झाक येते. वापरलेल्या ॲसिडमध्ये फेस थांबेपर्यंत धुण्याचा सोडा टाका आणि मगच ओता. या टप्प्यावर आत तेल फिरवू नका, पुढे डाग किंवा अस्तर धरणार नाही.

बाहेरचा रंग

आतापर्यंत जुना रंग मुद्दाम ठेवला होता, कारण आतल्या ॲसिडचे ओघळ त्यावर पडतात, पत्र्यावर नाही. आता तो काढायचा.

रिमूव्हर सगळ्यात बरा. ब्रशने जाड थर द्या, एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा फिरवू नका. वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवा म्हणजे तो लवकर वाळत नाही. पंधरा-वीस मिनिटांत रंग सुरकुतून वर येतो, बोथट पट्टीने खरवडा. चार-पाच थरांच्या टाकीला दोन-तीन फेऱ्या लागतात. जाड रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, काम उघड्या हवेत करा. यातलं डायक्लोरोमिथेन बंद खोलीत जीवघेणं ठरतं, आणि कातडीवर पडलं तर भाजतं. नंतर टाकी थिनरने पुसा. रिमूव्हरमधलं मेण पत्र्यावर राहिलं तर नवा रंग तिथे धरत नाही.

ग्राइंडरला तारेचा कप लावून रंग उडवणं झटपट होतं, पण तो गंजाचे खड्डे साफ करत नाही, त्यांच्यावर घासून चकाकी आणतो. पत्रा पांढरा दिसतो आणि खड्ड्याच्या तळाशी काळा गंज तसाच राहतो. सँडब्लास्टिंग तर टाकीला नकोच. सपाट पत्रा वाळूच्या माऱ्याने लाटेसारखा होतो आणि वाळू आत शिरते. गंजाच्या खड्ड्यांसाठी फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर कापसाच्या बोळ्याने लावा, खड्ड्याचा तळ करडा होईपर्यंत, आणि पत्र्यावर वाळू न देता धुऊन पुसा. ते वाळून राहिलं तर इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही.

जुनी लांबी पूर्ण काढा. तिच्याखाली काय निघेल सांगता येत नाही. कधी पोचा, कधी डाग, कधी भोकावर चिकटवलेला कापडाचा तुकडा.

छिद्रं शोधणे

दोन पद्धती भरवशाच्या आहेत आणि दोन्ही कराव्यात.

पहिली हवेची. सगळी तोंडं बंद करून आत हवा भरा, बाहेरून साबणाचा फेस लावा आणि बुडबुडे पाहा. दाब दोन पीएसआयच्या वर नको. टाकीची एक बाजू ४० बाय २५ सेंटिमीटर धरली तर दोन पीएसआयलाच तिच्यावर १४० किलोचा भार येतो. टायरच्या हवेचा, तीस पीएसआयचा दाब दिलात तर तो दोन टनांच्या पुढे जातो आणि टाकी फुग्यासारखी फुगून कायमची वाया जाते. पंक्चरच्या दुकानात टाकी नेऊन हवा मारायला सांगू नका. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि काटा यासाठी नेमका आहे. काटा १०० वर आला की झाले साधारण दोन पीएसआय.

दुसरी खडू-रॉकेलची. बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून पातळ लेप द्या आणि वाळू द्या. आत अर्धा लिटर रॉकेल घालून टाकी एकेका कुशीवर दोन-दोन तास ठेवा. रॉकेल पाण्यापेक्षा कितीतरी बारीक फटीतून पाझरतं. पांढऱ्या खडूवर ओला काळपट ठिपका उमटला की ते छिद्र. जी चीर हवेने सापडत नाही ती यात सापडते. तपासणी झाल्यावर टाकी पुन्हा गरम साबणपाण्याने धुवा, कारण आता ज्योत जवळ येणार आहे.

छिद्र सापडलं की त्याच्या भोवतालचा पत्रा टोच्याने दाबून पाहा. एक छिद्र दिसतं तिथे आसपासचा रुपयाएवढा पत्रा बहुधा कागदासारखा झालेला असतो. टोचा दाबताच आत गेला तर ते बरंच झालं. तोच पत्रा सहा महिन्यांनी रस्त्यावर फाटला असता. टोचा धरेपर्यंत, म्हणजे घट्ट पत्रा लागेपर्यंत, कडा मोकळ्या करा.

पत्र्याची दुरुस्ती

एक-दोन सुटी छिद्रं किंवा बारीक चीर असेल तर शिशा-कथलाचा डाग पुरतो. ६०-४० चं सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळतं, त्यामुळे पत्रा वाकत नाही. खया (डाग द्यायचं तापवायचं हत्यार) दूर भट्टीवर तापवून आणा, टाकीवर ज्योत धरू नका. तरीही टाकी धुतलेलीच हवी. जागा कानशीने आणि पॉलिश पेपरने लखलखीत करा, झिंक क्लोराइडचं पाणी लावा, आधी सोल्डरचा पातळ थर चढवा. तो पाण्यासारखा पसरला तरच पुढे जा. गोळ्या होऊन ओघळत असेल तर पत्रा अजून घाण आहे. भोक मोठं असेल तर तेलाच्या डब्याचा कथील चढवलेला पत्रा कापून, त्यालाही सोल्डर चढवून वर बसवा, सगळीकडून अर्धा इंच जास्त. इथेच पुढचं दुखणं जन्मतं, म्हणून नीट लक्ष द्या. झिंक क्लोराइड धुतलं गेलं नाही तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि पत्रा गंजवतं. डाग अगदी पक्का असतो आणि रंग मात्र त्याच्याभोवती कड्यासारखा फुगतो. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि ब्रश घेऊन जागा दोन-तीन वेळा घासा.

कानाच्या मुळाशी, कॉकच्या नटाभोवती, जिथे धक्का बसतो तिथे सोल्डर टिकत नाही. तिथे पितळेचा डाग किंवा टिग वेल्डिंग (आर्गन वायूच्या आवरणातलं वेल्डिंग). आणि पत्रा जिथे चाळणीसारखा झालाय तिथे छिद्रं बुजवत बसू नका. तो तुकडा कापून एक मिलिमीटर सीआरसी (थंड लाटलेल्या पोलादाच्या) पत्र्याचं ठिगळ बसवा. तोंडातोंडाशी जोड, आधी चारही बाजूंनी टाके, मग तुकड्यातुकड्याने वेल्ड, मधे थंड होऊ देत. सलग वेल्ड ओढला तर पत्रा पापडासारखा वळतो. पितळी डागाचा टाकणखार थंड झाल्यावर काचेसारखा चिकटून बसतो. तो गरम पाण्यात मऊ करून खरवडा, त्याच्यावर रंग धरत नाही.

वेल्डिंग किंवा पितळी डागाच्या वेळी टाकी रिकामी नको. दुरुस्तीची जागा वर येईल अशी धरून, त्या जागेच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरा म्हणजे आत हवेला फारशी जागाच उरत नाही. झाकणाचं किंवा कॉकचं एक तोंड पाण्याच्या वर आणि उघडं हवं. आर्गन असेल तर तो खालून सोडून आतली हवा बाहेर ढकला आणि वेल्डिंग संपेपर्यंत सोडत राहा. वेल्डरने "काही होत नाही" म्हटलं तरी हे सोडू नका. तो ऐकत नसेल तर दुसरा वेल्डर शोधा.

साबणाची वडी घासून गळती थांबते, ते खरं आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण ती घरी पोहोचण्यापुरती सोय. एम-सीलसारखा इपॉक्सीचा लगदाही तात्पुरताच, कारण त्याच्याखालचा गंज चालूच राहतो. फायबरची जाळी आणि साधं पॉलिस्टर रेझिन तर आता वापरूच नका, इथेनॉल ते मऊ करतं. मेकॅनिक मंडळी कॉकच्या वायसरला लावतात ते शेलॅकही (लाखेचं द्रावण) इथेनॉलमध्ये विरघळतं. पूर्वी ते चालून जायचं, आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये महिन्याभरात पाझर सुरू होतो.

डाग आणि वेल्ड झाल्यावर हवेची तपासणी पुन्हा करा. मग टाकी तशीच, उघड्या पत्र्याने, दोन दिवस घरात ठेवा आणि जोडाच्या रेषेवर नजर ठेवा. तपकिरी ओल दिसली तर फटीत अजून काहीतरी आहे. पुन्हा गरम पाणी, सोडा आणि ब्लोअर. ज्यांनी हे दोन दिवस वाचवले त्यांचीच टाकी बहुधा परत येते.

अस्तर द्यायचं का

पत्रा शाबूत असेल आणि गाडी चालती असेल तर नको. अस्तर ही गळतीची दुरुस्तीही नाही. भोकावर ताणलेला इपॉक्सीचा पडदा एक दिवस सुटतोच. आतून पत्रा खड्ड्याखड्ड्यांचा झाला असेल तरच दोन घटकांचं, इथेनॉलला चालणारं इपॉक्सी अस्तर घ्या. दहा लिटरच्या टाकीला साधारण पाव लिटर लागतं. आधी ॲसिटोन फिरवून ओता आणि पूर्ण सुकू द्या, आट्यांना ग्रीस लावून जुने बोल्ट बसवा. अर्धा तास टाकी सावकाश सगळ्या बाजूंना फिरवा आणि उरलेलं अस्तर ओतून काढा. हे ओतून काढणंच लोक विसरतात. खळग्यात साचलेला जाड गोळा आतून कच्चा राहतो आणि पुढे सुटून कॉकवर येतो. डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत पेट्रोल घालू नका.

प्रायमर आणि रंग

उघडा पत्रा कोकणात एका रात्रीत गंज धरतो. शेवटचं घासकाम आणि पहिला प्रायमर एकाच दिवशी व्हायला हवा. ८० नंबरने सुरुवात करून १८० नंबरपर्यंत सुकं घासा, थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा, त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका. दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात.

लांबी प्रायमरच्या वर, पत्र्यावर नाही. हार्डनर दोन ते तीन टक्के. जास्त घातला तर रंगातून डाग उमटतो, कमी घातला तर लांबी मऊ राहते. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर आधी पोचा काढा. आणि लांबी पाण्याने घासू नका. पॉलिस्टरची लांबी स्पंजासारखी असते. पाणी पेपरने घासलं की पाणी तिच्यात मुरतं, वर सरफेसर (रंगाआधीचा पृष्ठभाग सारखा करणारा थर) बसतो आणि उन्हात टाकी तापली की तेच पाणी फोड होऊन वर येतं. लांबी सुकीच घासा. सरफेसर मारून तो वाळल्यावर ६००-८०० नंबरच्या पाणी पेपरला हात लावा, आणि ते पाणीही बोअरचं नको.

खालच्या जोडाच्या कडेवर लांबी भरून ती गुळगुळीत करून घेऊ नका. पेंटरला ते देखणं वाटतं, पण पुढे कधी पाझर सुरू झाला तर तो लांबीखाली महिनोन्‌महिने लपून राहील. तिथे नुसता प्रायमर आणि रंग असू द्या.

रंगावर दोन घटकांच्या पीयू क्लिअरचे दोन हात. झाकणाच्या तोंडाच्या आतल्या ओठापर्यंत आणि कॉकच्या बैठकीच्या कडेपर्यंत क्लिअर पोहोचला पाहिजे. पेट्रोल पहिल्यांदा तिथेच सांडतं. पाऊस सुरू असताना स्प्रे करायचा हट्ट नको.

टाकी बसवताना कॉकचं वायसर, जाळी, झाकणाचं रबर आणि पुढची-मागची टाकीची रबरं नवीनच घाला. ही सगळी मिळून रंगाच्या खर्चापुढे किरकोळ आहेत. झाकणातलं हवेचं भोक सुईने मोकळं करा. आत टोकाएवढा गंज उरलाय असं वाटलं तर नळीत फिल्टर घाला आणि पहिले पंधरा दिवस तो रोज पाहा. रंगानंतर आठ दिवस पेट्रोल नको. मग पहिल्यांदा दोनच लिटर घाला, गाडी रात्रभर साइड स्टँडवर आणि दुसऱ्या रात्री उजव्या बाजूला भिंतीला टेकवून उभी करा, खाली जुना वर्तमानपत्राचा कागद पसरून. दोन्ही सकाळी कागद कोरडा असेल तर टाकी भरा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर ती भरलेल्या टाकीवरच ठेवा आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, टाकी काढून दुसऱ्या खळग्यातलं पाणी झाकणाच्या तोंडातून ओतून टाका.